एक जुलैला जन्मलेलं गाव

अल्लीपूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि तेवढ्या काळात निम्म्या गावाचा जन्म एक जुलैला घडवून आणला. बाप पोराचं बखोट धरून शाळेत आणायचा. मी जन्मतारीख विचारायचो. बाप डोकं खाजवून सांगायचा, "तुरी कापून राह्यलो होतो, तवाचा आहे." तुरीची कापणी शाळेच्या दाखल रजिस्टरात लिहिता येत नाही. मग मी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचो. हात कानाला पोचला की पोर सहा वर्षांचं धरायचं आणि सहा वर्षं मागे जाऊन एक जुलै लिहून मोकळं व्हायचं. माझ्या आधीच्या गुरुजींनी हेच केलं होतं, शेजारच्या गावच्या गुरुजींनीही. कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, आणि त्यात भरडला गेला नागसेन.

नागसेन माझाच विद्यार्थी. चौथीत असताना त्याचं भागाकाराचं एक गणित मी चूक म्हणून काटलं. तो वही घेऊन टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, बरोबर आहे. मी खेकसलो. तो मान ताठ करून तसाच उभा. मधली सुट्टी झाली, पोरं डबे खायला पळाली, हा तिथंच. शेवटी वैतागून मी गणित पुन्हा करून पाहिलं, तर चूक माझी निघाली. त्यानं जिंकल्याचं तोंड केलं नाही, गुपचूप जागेवर जाऊन बसला. त्याचाच मला जास्त राग आला होता.

पुढे तो हिंगणघाटला आयटीआय शिकला, नागपुरात सीताबर्डीवर एका दुरुस्तीच्या काउंटरवर सहा वर्षं बसला, आणि मग गावात परतून त्यानं एसटी स्टँडसमोर 'मैत्री मोबाईल' काढलं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक काउंटर आणि भिंतीला लागून एक बाक. बाक माझा. सकाळी पेपर घेऊन मी तिथं बसतो तो ऊन चढेस्तोवर. कोणाचा फोन पाण्यात पडला, कोणाची सून माहेरी तासभर बोलते, हे सगळं मला तिथं कळतं. नागसेनच्या तोंडून मात्र कधीच कळत नाही. लोक आपणहून सांगतात, आणि मी ऐकतो.

स्मार्टफोन गावात आले तेव्हा एक नवीच पंचाईत झाली. डबा फोडून फोन हातात घेतला तरी तो आपला होत नाही. आधी कंपनीकडे खातं उघडायचं, नाव द्यायचं, जन्मतारीख द्यायची, नंबर आणि पासवर्ड द्यायचा, मग तो नीट चालणार. लोकांना बस पकडायची घाई. ते फोन नागसेनपुढे सरकवून म्हणायचे, तूच काय ते कर. तो करायचा. जन्मतारीख आधार कार्डावरची, म्हणजे माझी, एक जुलै. लग्न होऊन बाहेरगावाहून आलेल्या बायकांचीही बहुतेक एक जुलैच, आणि जिला आठवत नसे तिची नागसेन एक जुलै टाकायचा. आपली माणसं दर नव्या ऑफरला सिम बदलतात, म्हणून अडल्यानडल्याला लागणारा नंबर त्यानं सगळीकडे स्वतःचा दिला. पासवर्ड सगळ्यांचा एकच, गावाचं नाव आणि पुढे एक दोन तीन. अशी एकशे त्रेसष्ट खाती त्यानं एका दोनशेपानी वहीत ओळीनं लिहून ठेवली होती. मी वही पाहून त्याची पाठ थोपटली होती. नोंदी नीट ठेवणारा माणूस मला आवडतो.

फोन भरला की तो आणखी एक काम करायचा. एक बटण दाबायचा, फोटो कंपनीच्या साठवणीत चढायचे आणि फोन हलका व्हायचा. "वर आहेत, कुठं जात नाई," असं सांगायचा. या 'वर'बद्दल गावात एकाच बाईनं प्रश्न विचारला. कमलाबाईनं. नाल्यापलीकडे तिचं साडेतीन एकर वावर. मुलगा अंकित पुण्याला नोकरीत, आणि नवरा गेल्यापासून शेती तिनं एकटीनं अंगावर घेतलेली. तिनं विचारलं, वर म्हणजे कोणाच्या घरात? नागसेन हसला. मीही हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. एका मंगळवारी सकाळी बकऱ्या चारणारा प्रेमदास बाकापाशी आला आणि म्हणाला, फोनातली सगळी नावं उडाली. त्याच्या मागून आणखी दोघं आले. दुपारपर्यंत दुकानापुढे ही गर्दी. कोणाला नंबर सापडत नव्हते, कोणाला नातवाचे फोटो दिसत नव्हते. पडद्यावर इंग्रजी मजकूर होता, तो मी चष्मा लावून वाचला. एकाच माणसानं पुष्कळ बनावट खाती काढलेली दिसतात, म्हणून हे खातं बंद केलं आहे. एकशे त्रेसष्ट माणसं, सगळ्यांपाशी एकच नंबर, आणि जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. एवढं गाव एका तारखेला जन्मलं यावर कंपनीच्या यंत्राचा विश्वास बसला नाही. माझ्या रजिस्टरावर इतक्या वर्षांत एकाही साहेबानं शंका घेतली नव्हती, ती सातासमुद्रापलीकडच्या यंत्रानं घेतली. आणि खरं सांगायचं तर यंत्राचं बरोबर होतं.

आम्ही दाद मागितली. इंग्रजी अर्ज मी लिहून दिला. त्यात स्वच्छ लिहिलं की ही माणसं खरी आहेत, तारखा तेवढ्या मी घातलेल्या आहेत, आणि कोणाला बोल लावायचा तर मला लावा. नागसेननं तोच अर्ज एकशे त्रेसष्ट वेळा, त्याच एका कॉम्प्युटरवरून पाठवला. दोन-दोन मिनिटांत उत्तरं आली. निर्णय अंतिम आहे. एकाच जागेवरून आलेली ती एकसारखी पत्रं पाहून यंत्राची उरलीसुरली शंकाही फिटली असणार, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचलं. तहसिलीत निदान एक बाबू असतो. त्याच्यापुढे उभं राहता येतं, आवाज चढवता येतो, उद्या या म्हणाला तर उद्या जाता येतं. इथं उभं कुठं राहायचं तेच कोणाला माहीत नव्हतं.

चार लोक बोलले, ते मी लपवत नाही. यानंच आमचं सगळं कुठंतरी विकलं असेल, असं स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर उघड म्हटलं गेलं. नागसेनच्या मोहल्ल्यावरूनही एक शब्द निघाला. ज्यानं तो काढला त्याला मी तिसरीत शिकवलं होतं, म्हणून त्याला चारचौघांत तिसरीतल्यासारखंच झापलं. नागसेन मला म्हणाला, राहू द्या गुरुजी, चूक झाली आहे तर लोक बोलणारच.

गावाची हळहळ आठवडाभराची होती. कमलाबाईचं तसं नव्हतं. तिच्या वावरात जायला एकच वाट, बापूरावांच्या शेताच्या कडेनं गेलेली पांदण, म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधली, बैलबंडी जाईल एवढी मातीची वाट. बापूराव गावातले मोठे कास्तकार. त्यांनी यंदा कमलाबाईची कपाशी पेरून होताच पांदणीवर ट्रॅक्टर घातला, वर सोयाबीन पेरलं, आणि इथं वाट कधी नव्हतीच असं सांगायला सुरुवात केली. वाट सरकारी नकाशात नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची होती. कमलाबाईनं हिंगणघाटच्या तहसिलीत केस टाकली. साहेबांनी पुरावा मागितला.

पुरावा तिच्याकडे रग्गड होता. अंकित सुट्टीवर आला की आईच्या फोनवर फोटो काढायचा. कापसानं भरलेली बंडी, बैल, डोक्यावर शिदोरी घेतलेली आई, आणि प्रत्येकाच्या मागे पांदण. सहा वर्षांचे ते फोटो 'वर' होते. गेल्या उन्हाळ्यात फोन भरला म्हणून नागसेननं स्वतःच्या बोटानं ते चढवले होते. पुढची तारीख अठरा दिवसांवर होती. पांदण खुली झाली नाही तर दिवाळीनंतरचा कापूस डोक्यावर घेऊन नाल्यातून काढायचा, आणि पुढच्या हंगामात वावर पडीक, कारण बैलच आत जाणार नाहीत.

कमलाबाई रडली नाही, ओरडली नाही. काउंटरवर फोन ठेवून एवढंच म्हणाली की आता तूच सांग, कोणाच्या घरात जाऊन मागू.

नागसेन उभा राहिला. "मावशी, चूक माही आहे. तारखेच्या पहिले तुह्यासाठी पांदन उभी करतो."

हे कसं करणार ते त्यालाही माहीत नव्हतं, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. चौथीतली तीच मान. पण त्या संध्याकाळपासून त्यानं कंपनीचं नाव सोडलं. मला म्हणाला, गुरुजी, ज्याच्या दारात उभं राहता येत नाही त्याच्याकडे पुन्हा काही ठेवायचं नाही. फोनात आणि मेमरी कार्डात जे उरलं आहे ते आधी वाचवायचं, आणि मग ज्यांना पाहिजे त्यांचे फोनच मोकळे करायचे.

मोकळे म्हणजे काय, ते त्यानं मला समजावलं. जगभरच्या खटपट्या लोकांनी मिळून एक प्रणाली केली आहे. ती फुकट मिळते, कोणाचं खातं मागत नाही. फोनातलं कंपनीचं सगळं काढून ही घालायची. नागपुरात असताना त्यानं हे ऐकलं होतं, केलं कधी नव्हतं. पहिला प्रयोग माझ्या फोनवर झाला, कारण माझ्या फोनात अडायसारखं काही नव्हतं. एका संध्याकाळी त्यानं त्याची निव्वळ वीट करून टाकली, काही केल्या सुरूच होईना. दुसऱ्या दिवशीही वीटच. मी बाकावरून टोमणे मारत होतो, तो स्क्रीनला डोळे लावून वाचत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन उजळला आणि मला पहिल्यांदा कोणी जन्मतारीख विचारली नाही.

मग त्यानं दुकानातला जुना कॉम्प्युटर उघडून त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. गावाचे फोटो आता इथं, स्टँडसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहणार होते. ज्याचं त्याला वेगळं कुलूप. पासवर्ड ज्याचा त्यानं टाकायचा, आणि तो टाकताना नागसेन पाठ फिरवून उभा राहायचा. दोनशेपानी वही त्यानं फाडून चुलीत घातली. एवढ्या सुंदर नोंदी जळताना पाहून मला वाईट वाटलं.

सगळं गोडच झालं असं नाही. पैसे पाठवायचं ॲप मोकळ्या फोनवर चालेना. हा फोन सुरक्षित नाही, असं ते सांगायचं. किराणावाला चंदन तिसऱ्याच दिवशी फोन परत घेऊन आला की माझा धंदा त्यावर आहे, मला जुनंच पाहिजे. नागसेननं तोंड वाकडं केलं नाही. त्याला जुनी प्रणाली घालून दिली, खातं त्याच्या स्वतःच्या नंबरावर त्याच्याच हातानं काढायला लावलं, आणि फोटोंची एक प्रत इथं ठेवत जा एवढं सांगितलं. निम्मे लोक मोकळे झाले, निम्मे परत गेले. मला ते पटलं नव्हतं, मला सगळे मोकळे हवे होते. मास्तरांना वर्ग एका रांगेत लागतो.

कमलाबाईच्या फोनात मात्र एकही जुना फोटो निघाला नाही. नागसेननं दोन रीतींनी खरवडून पाहिलं. तारखेला अकरा दिवस उरले होते.

त्या दिवशी बापूराव दुकानात आले. त्यांचंही खातं त्या एकशे त्रेसष्टांत होतं. फोनमधलं कार्ड उघडत नव्हतं, त्यात थोरल्या मुलाच्या लग्नापासूनचं सगळं होतं. पुढे जे झालं ते मी लिहू शकतो, कारण नंतर बापूरावांनीच ते दहा जणांदेखत सांगितलं. कार्ड ठेवून ते शेताकडे गेले. नागसेननं दीड तास खटपट करून ते उघडलं. सगळं आलं का ते पाहायला तो फोटो सरकवत होता आणि मी बाकावरून मान लांब करून बघत होतो. तीन वर्षांपूर्वीच्या पोळ्याचा फोटो आला. झुली घातलेली बैलजोडी, मध्ये फेटा बांधलेले बापूराव, आणि त्यांच्या मागे दोन धुऱ्यांमधून सरळ गेलेली पांदण. चाकोऱ्यासुद्धा दिसत होत्या. नागसेनचं बोट थांबलं. मी उठून उभा राहिलो.

मी म्हणालो, छाप. आत्ताच्या आत्ता छाप, कमलाबाईला दे, उद्या वकिलाकडे पाठव. नागसेननं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडून वळवला.

"गुरुजी, हा फोटो माहा नाई. कंपनीनं आपल्याले न इचारता आपलं सारं पाह्यलं, अन् आपलं दार बंद केलं. आता मी काकाले न इचारता त्याईचं पाहू अन् दुसऱ्याले देऊ, तं माह्यात अन् कंपनीत फरक काय राह्यला?"

मी भडकलो. म्हणालो, तिकडे एक बाई डोक्यावर कापूस वाहायची वेळ आली आहे, आणि तू मला तत्त्वं शिकवतोस. तिचे फोटो तूच घालवलेस. तो म्हणाला, म्हणूनच. मला त्या 'म्हणूनच'चा इतका संताप आला की पेपर बाकावर टाकून मी निघालो आणि चार दिवस दुकानाकडे फिरकलो नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी कमलाबाईच्या दारापर्यंत गेलो होतो. सांगून टाकायचं ठरवूनच. आत ती सुपात तूर पाखडत होती. उंबऱ्याशी उभा राहिलो आणि माझं मलाच वाटलं की वासुदेवराव, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. लोकांना न विचारता, त्यांच्या भल्यासाठी, त्यांच्या नावापुढे काहीबाही लिहिलंत. पोरगं हसतमुखानं कानाला हात लावून उभं, आणि आपण तारीख ठोकून देतो. मी पाणी मागितलं, पाणी पिऊन परत आलो. रात्रभर मात्र नागसेनला शिव्या दिल्या.

तो काय करत होता ते मला लोकांकडून कळलं, काही नंतर बापूरावांच्याच तोंडून. बापूराव कार्ड न्यायला आले तेव्हा त्यानं त्यांना तोंडावर सांगितलं की काका, कार्ड तपासताना तुमच्या एका फोटोत मला पांदण दिसली. मी ते कोणाला सांगणार नाही, पण दिसली हे तुम्हाला न सांगणं बरोबर नाही. बापूराव कार्ड घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि तुझ्या मशीनमधून तो फोटो काढून टाक म्हणाले. नागसेननं त्यांना काउंटरच्या आत घेतलं, खुर्ची दिली, आणि बटण त्यांनाच दाबायला लावलं. दोन्ही डिस्कवरून फोटो गेला. कार्डावरचा त्यांनी घरी जाऊन काढला असणार.

कमलाबाईला वास लागला होता. बापूराव तीनदा दुकानात जाऊन आले हे तिला कोणीतरी सांगितलं. ती आली आणि सरळ विचारलं, "बापूभाऊचं कार्ड तुह्याजवळ आलतं ना? काय होतं त्यात?"

"मावशी, त्याईच्या फोनातलं मले नको इचारू. तुह्या फोनातलं त्याईनं इचारलं तरी मी सांगनार नाई."

तिनं आपला फोन उचलला, कनवटीला लावला आणि पुन्हा या पायरीवर येणार नाही म्हणून गेली. नागसेन त्या दिवशी जेवला नाही, असं त्याच्या आईनं मला विहाराजवळ सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एक नवं काम सुरू केलं. फोटो घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणायचा, हे तुझे फोटो, तूच पाहा, मी पाहणार नाही. त्यात कमलाबाईची पांदण दिसली आणि तुला वाटलं, तर तूच तिला नेऊन दे. नाही वाटलं तर मला सांगूही नको. दिवसभर, येईल त्याला, तेच वाक्य. जे आले नाहीत त्यांच्या घरी तो संध्याकाळी कार्डं वाचायचं यंत्र घेऊन जायचा. हिवऱ्याच्या रस्त्यावरच्या वस्तीपर्यंत पायी गेला, असं मला प्रेमदासनं सांगितलं. हे ऐकून मी पाचव्या दिवशी बाकावर परत आलो. तो म्हणाला, या गुरुजी. मी म्हणालो, माझेही फोटो दे, पाहतो. माझ्या फोनच्या कार्डात चारशे बारा फोटो निघाले, त्यातले पावणेदोनशे माझ्या अंगठ्याचे होते. पांदण एकातही नव्हती.

बापूरावांच्या विरोधात जायला गाव कचरत होतं. पहिले तीन दिवस कोणीच गेलं नाही. मग प्रेमदास गेला. त्याच्या बकऱ्या रोज त्याच वाटेनं जायच्या आणि त्याला बकऱ्यांचे फोटो काढायची भारी हौस. त्याच्यामागून अपेक्षा गेली, बारावीतली पोरगी, नव्या सायकलवर बसून पांदणीत काढलेला फोटो घेऊन. मग आणखी पाच जण. सातही जणांनी आपापले फोटो स्वतः छापून घेतले, मागे स्वतःची सही केली. दोघांनी तहसिलीत येऊन सांगायची तयारी दाखवली. कमलाबाईनं सगळे घेतले, आणि नागसेनचं नाव मात्र काढलं नाही.

तारखेला मीही हिंगणघाटला गेलो. साहेबांनी फोटो टेबलावर मांडून वेगवेगळ्या वर्षांच्या तारखा पाहिल्या. बापूरावांना विचारलं, ही वाट कोणती? बापूराव म्हणाले, बकऱ्यांनी पाडलेली असेल. प्रेमदास मागून म्हणाला, साहेब, माह्या बकऱ्या बंडी ओढत नाई. साहेबांनाही हसू आवरलं नाही. पुढच्या आठवड्यात ते स्वतः स्थळपाहणीला आले, धुऱ्यावरून चालत टोकापर्यंत गेले, आणि दिवाळीच्या चार दिवस आधी आदेश निघाला. सोयाबीन निघालंच आहे, तर सात दिवसांत वाट पूर्ववत खुली करावी.

आदेश आला त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास कमलाबाई दुकानात आली. पायरीवर पाय ठेवताना थोडी थबकली. अंकितचा फोन लागत नाही, नाव कुठं गेलं ते बघ, म्हणाली. दुसरीकडे जायला गावात दुसरं दुकान कुठं आहे, हेही वर ऐकवलं. नागसेननं फोन घेतला. जुनं काहीच बोलला नाही. मोकळा करू का, एवढं विचारलं, आणि ती कर म्हणाली.

तेवढ्यात बापूराव आले. हातात वायरची थैली. कमलाबाईला पाहून ते परत फिरतील असं मला वाटलं, पण ते आत आले आणि थैली काउंटरवर उपडी केली. पाच फोन होते. दुकानात आणखी सात-आठ माणसं होती. बापूरावांनी आवाज खाली केला नाही.

"घरचे सारे फोन आहेत. तुह्या मशीनीवर चढव. केस मी हरलो, थे जाऊ दे. पोळ्याचा माहा फोटो तुले सापडला होता, पांदनीचा. थो साहेबापुढं गेला असता तं मी पहिल्याच तारखेले गेलो असतो. माहा सख्खा भाऊ असता तं त्यानं सांगतलं असतं. तू नाई सांगतलं."

कमलाबाई वळली.

"म्हंजे होता फोटो."

"होता, मावशी," नागसेन म्हणाला.

"अन् तुले मालूम होतं."

"मालूम होतं."

त्याचा चेहरा पडला होता. आत्ता ही बाई फोन हिसकावून जाणार आणि गावभर सांगणार, हे मलाही दिसत होतं. अकरा दिवस तिचा जीव टांगणीला होता आणि मी तिच्या उंबऱ्यावरून नुसतं पाणी पिऊन परत आलो होतो. पण बापूरावांकडे बोट करून तिनं नागसेनला विचारलं, "माह्या फोनात काय काय आहे, वकिलाशी काय बोलनं झालं, थे यानं इचारलं नाई का तुले?"

उत्तर बापूरावांनी दिलं. "दोन डाव इचारलं. यानं मलेही काई नाई सांगतलं."

कमलाबाईनं पदर सावरला आणि बापूरावांचे पाचही फोन हातानं काउंटरच्या एका बाजूला सारले.

"मी पहिले आली," ती नागसेनला म्हणाली. "आधी माहा कर, मंग याचे."

बापूराव माझ्या शेजारी बाकावर बसले, आपला नंबर येईपर्यंत.